बंड्याची रोजकीर्द
(मांजराचा मधुमेह आणि घरातील देखभाल)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मांजराच्या आजारावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. आमच्या वर्गातल्या एका मित्राने तर "मांजराचा ताळेबंद काढणार काय?" असे विचारलेच. त्याला मी 'हो' म्हणालो, आणि ते खरेच होते. गेले वर्षभर आमच्या घरी एका मांजराचा हिशेब रोज मांडला जातो. एकदा तो मांडायचा राहिला, त्या रात्री मांजर हातचे जात होते. त्या अनुभवातून जे शिकलो, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे. आपल्या शहरात मांजर पाळणारी घरे पुष्कळ आहेत. पण मांजराला मधुमेह होतो, हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते.

मुंग्यांनी दिलेली वर्दी

आमचा बंड्या नऊ वर्षांचा बोका आहे. लहानपणीच त्याची नसबंदी केलेली. दिवसभर माडीवरच्या खिडकीत लोळायचे आणि आजीच्या ताटातला दूधभात खायचा, एवढाच त्याचा उद्योग. वजन पावणेसात किलो. येणारे-जाणारे "काय बाळसं आहे!" म्हणायचे आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या श्रावणात मागच्या न्हाणीघरात ठेवलेल्या त्याच्या वाळूच्या घमेल्याभोवती मुंग्यांची रांग दिसू लागली. आईने हळद टाकली, खडूची रेघ ओढली, मुंग्या हटेनात. वाळू पूर्वी दोन दिवसांनी बदलावी लागे, ती आता रोज ओली चिंब होऊ लागली. बंड्या वाटीभर पाणी एका दमात पिई आणि पुन्हा बादलीशी जाऊन उभा राही. खाणे दुप्पट झाले, तरी पाठीचा कणा हाताला लागू लागला. पावसाळी हवा म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. मग एके दिवशी तो माडीचा जिना चढेना. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून सशासारखा चालू लागला.

मुंग्या पाहून आजीच पहिल्यांदा म्हणाली, "अरे, याला माझंच दुखणं लागलंय." आम्ही सगळे हसलो. आजीला गेली बारा वर्षे मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घेते. पण आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत 'मधुमेह' हे नाव पडले ते लघवीच्या गोडीवरूनच, आणि मुंग्या माणूस-मांजर असा भेद करीत नाहीत. पशुवैद्यांनी रक्त तपासले, आजीचे निदान खरे ठरले. शेजारच्या अक्कांना ही बातमी कळली तेव्हा त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "बेक्किगू सक्करे कायिले बर्तैतेनु?" म्हणजे, मांजरालासुद्धा साखरेचा रोग होतो काय?

होतो. मध्यम वयानंतर, लठ्ठ झालेल्या, घरातच बसून असणाऱ्या मांजरांत, त्यातही नसबंदी केलेल्या बोक्यांत तो अधिक आढळतो. काही आजारांवर स्टेरॉइडची औषधे पुष्कळ दिवस दिली, तरीही तो उद्भवू शकतो. बंड्याकडे स्टेरॉइड सोडून बाकी सर्व पात्रता होती.

शरीरात बिघडते काय?

अन्नातून रक्तात आलेली साखर पेशींच्या आत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. ते स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होते. लठ्ठपणामुळे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. मग बीटा पेशी अधिकाधिक इन्सुलिन काढतात आणि शेवटी थकतात. साखर रक्तातच साचते. दाराशी धान्याच्या गाड्या उभ्या आणि कोठाराची किल्ली हरवलेली, अशी ही अवस्था. घरात उपासमार आणि रस्त्यावर धान्याची रास. म्हणून मांजर खाते पुष्कळ आणि वाळते.

निरोगी मांजराच्या रक्तात साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटर रक्तात) साखर असते. ती सुमारे २५० च्या वर गेली की मूत्रपिंडाला आवरत नाही आणि लघवीतून वाहू लागते. जाताना पाणी बरोबर घेऊन जाते. म्हणून तहान, म्हणून ओली वाळू, म्हणून मुंग्या. मागचे पाय लुळे पडतात, कारण वाढत्या साखरेने मज्जातंतूंना इजा होते. साखर आटोक्यात आली की ही इजा पुष्कळदा हळूहळू भरून येते.

येथे एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मांजर भयंकर भित्रे. त्याला पिशवीत घालून रिक्षातून दवाखान्यात नेले की नुसत्या भीतीने त्याची साखर चढते; रोग नसतानाही ती ३०० च्या पलीकडे जाऊ शकते. म्हणून एकाच आकड्यावर निदान करीत नाहीत. लक्षणे पाहतात, लघवीतली साखर पाहतात आणि फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करतात. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी कळते. आपल्या भाषेत सांगायचे तर, एका दिवसाची गल्ल्यातली शिल्लक पाहून धंदा कसा चालतो ते ठरवीत नाहीत, पंधरवड्याचे खाते पाहतात.

सिरिंज आणि बाटली : एक सोपे गणित

१८८९ साली स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह झाला, आणि रोगाचे मूळ कोठे आहे ते समजले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करूनच इन्सुलिन वेगळे केले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्या माणसाला टोचले गेले. म्हणजे हे औषध माणसाला मुक्या जनावरांकडून मिळाले. आता ते त्यांच्याकडे परत जात आहे, एवढेच.

बंड्याला डॉक्टरांनी ग्लार्जिन हे माणसांसाठीच बनवलेले, सावकाश काम करणारे इन्सुलिन दिले. दर बारा तासांनी एक युनिट. मांजराची सुरुवात सहसा अशीच लहान मात्रेने करतात.

इन्सुलिनची बाटली हातात घेतली की तिच्यावरचा एक आकडा पाहावा : एका मिलिलिटरमध्ये किती युनिट? आपल्या देशात दोन प्रकार सर्रास मिळतात, ४० चा आणि १०० चा. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात : ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ज्या आकड्याची बाटली त्याच आकड्याची सिरिंज, हा नियम. ग्लार्जिन १०० च्या प्रकारातले. आजीचे इन्सुलिन ४० चे. दोन्ही एकाच फ्रिजच्या दारात.

पहिल्या दिवशी औषधाच्या दुकानातून मला लाल टोपणाच्या सिरिंज मिळाल्या. आजीसाठी नेहमी त्याच नेतो, म्हणून दुकानदाराने विचारले नाही आणि मीही नाही. घरी आल्यावर हिशेबाच्या सवयीने दोन्हींवरचे आकडे वाचले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४० च्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग, ०.०२५ मिलिलिटर. तेवढ्या जागेत १०० चे इन्सुलिन भरले तर ०.०२५ गुणिले १००, म्हणजे अडीच युनिट. एक द्यायचे तेथे अडीच! उलट चूक केली, म्हणजे ४० चे इन्सुलिन १०० च्या सिरिंजने दिले, तर एका रेघेत अवघे ०.४ युनिट जाते. पहिल्या चुकीने मांजर दगावू शकते, दुसरीने रोग हटत नाही.

मी सिरिंज बदलून आणल्या. १०० च्या प्रकारातली, ३० युनिटांची, अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली सिरिंज मांजरासाठी सर्वांत बरी, कारण मांजराची मात्रा अर्ध्या-अर्ध्या युनिटाने वाढते-घटते. बंड्याच्या बाटलीवर मी नारिंगी दोरा बांधला. आपल्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला म्हणून त्या दिवशी माझी छाती बरीच फुगली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे ती उतरली.

टोचण्याची रीत

सुई केसासारखी बारीक असते. मांजराला तिच्यापेक्षा आपल्या थरथरणाऱ्या हाताचीच भीती अधिक वाटते. आमच्या घरी पडलेली रीत अशी :

१. आधी जेवण, मग सुई. मांजर खात नसेल किंवा ओकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये.
२. बाटली कधी जोराने हलवू नये. ग्लार्जिन पाण्यासारखे स्वच्छ असते. गढूळ दिसले तर टाकून द्यावे. त्यात पाणी किंवा दुसरे इन्सुलिन मिसळू नये.
३. खांद्यामागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत उचलून तंबू करावा आणि सुई त्या तंबूच्या तळाशी आत घालावी. जागा रोज थोडी बदलावी.
४. सुई आरपार जाऊन औषध केसांवर सांडले असे वाटले तर पुन्हा टोचू नये. किती आत गेले हे आपल्याला कळत नाही. एक मात्रा चुकली तर साखर काही तास चढेल. दोन पडल्या तर जीव जाईल. शंका आली की थांबावे, पुढच्या वेळेपासून नेहमीचे चालू करावे.
५. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकावी आणि बरणी भरली की दवाखान्यात द्यावी. केराच्या डब्यात टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी उपयोगाचे राहत नाही.

पथ्य

मांजर हे निसर्गाने मांसाहारी केलेले जनावर. उंदीर-पाखरांवर जगणाऱ्याच्या पोटात पिष्टमय अन्न जवळजवळ जातच नाही, आणि तशी साखर झटपट पचवण्याची सोय त्याच्या यकृतात माणसासारखी नाही. त्याला आम्ही नऊ वर्षे दूधभात घातला. बाजारात मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरेच असते. ओल्या डबाबंद अन्नात सहसा कमी. मधुमेही मांजराला मांस-मासळी अधिक आणि भात-पोळी-दूध नाही, असा आहार हवा.

पण येथे तीन धोके आहेत. पहिला : पिष्ट एकदम बंद केले की साखर एकदम उतरते, आणि इन्सुलिनची मात्रा मात्र जुनीच राहते. म्हणून आहार बदलायचा तो डॉक्टरांना सांगून, सावकाश आणि साखर मोजत. दुसरा : लठ्ठ मांजराला उपाशी ठेवू नये. काही दिवस पोटात अन्न गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते मरणाच्या दारी जाते. वजन उतरवायचे ते आठवड्याला शेकडा एकच्या आसपास. तिसरा : नुसती उकडलेली कोंबडी म्हणजे पूर्ण आहार नव्हे. मांजराला टॉरीन नावाचे द्रव्य अन्नातूनच मिळावे लागते, ते उकळलेल्या पाण्यात उतरते आणि आपण ते पाणी ओतून देतो. कॅल्शियमचीही तीच उणीव पडते. म्हणून घरचे अन्न द्यायचे तर त्यात काय घालायचे ते पशुवैद्यांकडून लिहून घ्यावे.

शेजारपाजारच्यांनी आम्हाला मेथी, कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुचवली. आजीच्या मधुमेहाच्या गोळ्यांतली अर्धी देऊन पाहा, असेही कोणी म्हणाले. यांतले काही करू नये. मांजराचे शरीर म्हणजे लहान आकाराचे माणूस नव्हे. साधा कांदा-लसूणही त्याच्या रक्ताला घातक आहे.

नवीन गोळ्या-औषधांचाही उल्लेख करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ च्या डिसेंबरात बेक्साग्लिफ्लोझिन ही मांजरासाठीची गोळी आणि २०२३ साली वेलाग्लिफ्लोझिन हे तोंडाने द्यायचे द्रव औषध मंजूर केले. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. ती एरवी धडधाकट असलेल्या आणि पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत, आणि त्यांतही रक्तात कीटोन नावाची आम्ले साचण्याचा धोका असतो. कोणत्याही उपचारात मांजर खाईनासे झाले, ओकू लागले, मलूल पडले, तर ही आम्ले वाढल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घरी साखर मोजणे

दवाखान्यात भीतीने साखर चढते, म्हणून मांजराची खरी साखर घरीच कळते. कानाची कड कोमट कापडाने शेकावी, तिच्यावर किंचित व्हॅसलीन लावावे म्हणजे थेंब पसरत नाही, मग बारीक टोचून थेंब पट्टीला लावावा. काम झाले की कोंबडीचा एक तुकडा द्यावा. आठ दिवसांत बंड्या ग्लूकोमीटरचा आवाज ऐकून स्वतःहून येऊ लागला; कानासाठी नव्हे, तुकड्यासाठी. माणसांसाठी बनवलेले यंत्र मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा काहीसा कमी आकडा दाखवते. म्हणून यंत्र एकच वापरावे आणि ते कोणते हे डॉक्टरांना सांगावे.

एका रविवारी आम्ही दर दोन तासांनी साखर मोजली. सकाळी ८ ला ३१८, मग २६४, १९६, दुपारी २ ला १४८, मग १६२, २३१ आणि रात्री ८ ला २९७. मला वाटले, ३१८ म्हणजे फारच झाली, मात्रा वाढवली पाहिजे. डॉक्टरांनी बोट ठेवले ते १४८ वर. सुई टोचण्याआधीचा आकडा वरचाच असणार. मात्रा ठरते ती दिवसातल्या सर्वांत खालच्या आकड्यावरून. तो ढोबळ मानाने ८० ते १५० मध्ये असावा. त्याच्या खाली जात असेल तर मात्रा उतरवायची, मग सकाळी ३०० का असेना. एका आकड्याला घाबरून आज वाढव, उद्या कमी कर, असे केले की काहीच स्थिर होत नाही. एक मात्रा आठवडाभर तरी चालू द्यायची आणि मग डॉक्टरांनी ठरवायचे. बंड्याची मात्रा अशी पायरी-पायरीने, महिन्याभरात, दोन युनिटांवर आली होती.

ती रात्र

सहाव्या आठवड्यात माझी सहामाही परीक्षा होती. संध्याकाळची सुई नेहमी मी देई. त्या दिवशी मला शिकवणीहून यायला उशीर होईल असे वाटून बाबांनी आठ वाजता ती दिली आणि ते एका मुंजीच्या जेवणाला गेले. मी सव्वाआठला आलो. बंड्या जेवून बसला होता. मी सिरिंज भरली आणि टोचली. दोन आणि दोन चार युनिट.

रात्री एकच्या सुमाराला मी परिव्ययलेखांकनाचे उदाहरण सोडवीत होतो. बंड्या माझ्या वहीवर येऊन बसायचा प्रयत्न करीत होता आणि कलंडत होता. मला आधी गंमत वाटली. मग त्याची मान लुळी पडली आणि ओठ थरथरू लागले. यंत्रावर आकडा आला ४२.

अशा वेळी काय करायचे ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, म्हणून ते हातून झाले. साखरेचा दाट पाक किंवा मध बोटाने हिरड्यांना चोळायचा. बेशुद्ध जनावराच्या घशात ओतायचा नाही. तो फुप्फुसात जातो. स्वयंपाकघरात धावलो तर हाताला लागली ती आजीची शुगर-फ्रीची डबी. तिचा काही उपयोग नसतो, खरीच साखर लागते. आई पूजेच्या देव्हाऱ्यातली मधाची वाटी घेऊन आली. मी चोळत होतो आणि आजी अंथरुणावरून उठून विचारत होती, "किती वाजता टोचलंस रे?" मी म्हणालो, सव्वाआठला. तेव्हा दाराशी उभे असलेले बाबा म्हणाले, "आठला तर मी टोचलं होतं."

कोणी काही बोलले नाही. पाचेक मिनिटांनी बंड्याने मान उचलली. त्याला खायला घातले, पुन्हा मोजले, ७१. फोनवर डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. हे इन्सुलिन सावकाश काम करणारे, ते अजून कित्येक तास साखर खाली ओढत राहील. मध चढवतो ती साखर थोड्या वेळापुरती. रात्रभर दर अर्ध्या तासाने मोजत आणि चारत आम्ही बसलो. उजाडताच त्याला दवाखान्यात नेले, सलाइन लावले, दुपारी घरी आणले. परीक्षेचा पेपर बरा गेला नाही. तो जायलाही नको होता.

डॉक्टरांनी रागावून एकच वाक्य विचारले : "तुम्ही कॉमर्सचे ना? मग वही कुठाय?"

वही

द्विनोंदी पद्धतीवर मला गुण चांगले पडतात. प्रत्येक व्यवहाराची नोंद, आणि तीही त्याच वेळी, हा तिचा पहिला धडा. सिरिंजचे अडीचपट गणित मी पकडले, पण दिलेली सुई लिहून ठेवायची असते, हे मला सुचले नाही. घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात आपापले खाते होते आणि दोन खात्यांचा मेळ कधी घातलाच नव्हता. मांजर काही "मला मिळाले" असे सांगत नाही. त्याच्या वतीने बोलायला फक्त वही असते.

त्या दिवसापासून फ्रिजच्या दारावर दोरीने बांधलेली एक लांब वही आहे. तिच्यात रकाने असे : तारीख, वेळ, खाल्ले का, सुईआधीची साखर, किती युनिट, कोणी दिले, शेरा. आठवड्यातून एकदा वजन. शेऱ्यात पाणी किती प्यायला, वाळू किती ओली, जिना चढला का. नियम दोन : वही वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही, आणि सही केल्याशिवाय फ्रिज बंद करायचा नाही. डॉक्टरांना आता माझ्या सांगण्यात रस नसतो. ते वहीची पाने उलटतात आणि मात्रा ठरवतात.

खर्चाविषयी

वाणिज्य शाखेच्या वाचकांसाठी थोडे खर्चाचे. ग्लूकोमीटर हा एकदाचा भांडवली खर्च. पट्ट्या, सिरिंज, इन्सुलिन आणि तपासण्या हा चालू खर्च, आणि खरा भार त्याचाच. इन्सुलिन घेताना मोठी बाटली युनिटामागे स्वस्त पडते म्हणून ती घेण्याचा मोह होतो. पण हिशेब करून पाहा. १० मिलिलिटरच्या बाटलीत १,००० युनिट. ग्लार्जिनच्या वेष्टणावर उघडल्यापासून २८ दिवसांची मुदत असते. रोज दोन युनिट लागणाऱ्या मांजराला तेवढ्या दिवसांत ५६ युनिट पुरतात, ९४४ वाया. ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३००. त्यांतले २४४ वाया. म्हणजे दर युनिटाला महाग असलेली लहान वस्तूच येथे स्वस्त. फ्रिजमध्ये ठेवलेले औषध मुदतीनंतरही काही दिवस वापरू देणारे पशुवैद्य आहेत, पण ते त्यांनी ठरवायचे, आपण नव्हे. कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कसे काढायचे तेही त्यांच्याकडूनच शिकून घ्यावे.

दुसरा खर्च वेळेचा. सकाळी आठ आणि रात्री आठ, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. गावाला जायचे तर कोणीतरी मागे राहिले पाहिजे. दुखणे घरी आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून ही वाटणी करावी. आमच्याकडे ती उशिरा झाली.

आशा किती ठेवावी?

कुत्र्याला मधुमेह झाला की बहुतेक वेळा इन्सुलिन जन्मभराचे. मांजराचे तसे नाही. वाढलेली साखर स्वतःच बीटा पेशींना आणखी थकवते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर लवकर आटोक्यात आणली, पथ्य पाळले, वजन उतरवले, तर दमलेल्या गुमास्त्याला रजा मिळावी तशी त्या पेशींना उसंत मिळते, आणि काही मांजरांत त्या पुन्हा कामावर रुजू होतात. मग सुई बंद करता येते. उपचार जितका लवकर सुरू होईल तितकी ही शक्यता बरी. मात्र रोग पुन्हा उलटू शकतो, म्हणून पथ्य आणि मोजणी सोडायची नसते. आणि ज्या मांजराला कायम सुई लागते, तेही वर्षानुवर्षे सुखाने जगू शकते.

बंड्याची सुई बंद झालेली नाही. मात्रा दोनवरून एकवर आली आहे. पाणी बेताने पितो, घमेल्याभोवती मुंग्या नाहीत. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी तो माडीच्या जिन्यावर दिसला, मधल्या पायरीवर दम खात. आजीने शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिले : "सात पायऱ्या." पुढच्या महिन्यात लिहिले : "सगळ्या."

वैशाखात आम्ही सर्वजण चार दिवस एका लग्नाला कोल्हापूरला गेलो. बंड्याची सुई अक्कांनी दिली. पूर्वी सुई पाहून त्या तोंड फिरवीत. आधीचे आठ दिवस रोज येऊन त्यांनी हात बसवून घेतला. परत आल्यावर मी पहिल्यांदा वही उघडली. आठ नोंदी होत्या, आठही वेळेवर, आकडे आणि शेरे सगळे कानडीत. एका ठिकाणी त्यांनी लिहिले होते, 'ऊटा माडिल्ल, फोन माडिदे', म्हणजे जेवला नाही, फोन केला. खरोखरच त्या रात्री त्यांनी डॉक्टरांना आधी विचारले होते आणि मग सुई दिली होती.

आता आमच्या वहीत मराठी पाने आहेत आणि कानडी पानेही आहेत, आपल्या या वार्षिकासारखी. डॉक्टर दोन्ही वाचतात.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष